नायलॉनची मध्यस्थी

फ्रीगंजात टावर चौकाच्या मागे मंडळाचं मैदान आहे. तिथे अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी उज्जैनमधली मराठी माणसं एकमेकांना ओढतात. वर्षभर हे काम तोंडाने चालतं. त्या दिवशी दोरी असते, एवढाच फरक.

एका टोकाला दरबारी. म्हणजे ज्यांचे पूर्वज शिंदेशाहीत कुणीतरी होते. कुणी घोडे मोजायचं, कुणी दप्तर सांभाळायचं, कुणी नुसतंच उभं राहायचं. पण दोन-अडीचशे वर्षं उलटली की उभं राहणंसुद्धा पराक्रमात जमा होतं. दुसऱ्या टोकाला तबादलेवाले. बँक, रेल्वे, तारखातं आणि मास्तरकी यांनी महाराष्ट्रातून उचलून इथे आणून ठेवलेली कुटुंबं. ज्यांच्या घरी छताला पंखा लावतानाच तो उतरवायचा कसा याचा विचार झालेला असतो. दरबाऱ्यांच्या मते तबादलेवाले म्हणजे पाहुणे. तबादलेवाल्यांच्या मते दरबारी म्हणजे ‘पाणी गिरून राहिलं आहे’ असं म्हणणारे लोक. वर्षभरात तबादलेवालेही तसंच म्हणायला लागत, पण तोवर मत पक्कं झालेलं असे.

या रस्सीखेचीचा नियम जगात दुसरीकडे कुठे नसावा. मधली खूण कुठे सरकली हे इथे कुणी बघत नाही. दरबाऱ्यांच्या मागे पिंपळाचा पार, तबादलेवाल्यांच्या मागे हातपंप. दोरीच्या टोकाला जो गडी असतो, त्याच्या कमरेला दोरी बांधलेली असते. मागे सरकत सरकत ज्याची पाठ आपल्या पाराला किंवा पंपाला टेकली, ती बाजू जिंकली. टेकलेली पाठ मग आरतीपर्यंत सोडायची नाही. सोडली तर जिंकलेलं गेलं. आणि जिंकणाऱ्यांना शेवटच्या संध्याकाळच्या आरतीचा मान. हरणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्याही तालात.

विहंग कारखानीस हा तबादलेवाल्यांचा मुलगा. इंजिनिअरिंग कॉलेजात पदार्थांची ताकद शिकवायचा. त्याच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, ज्याला मुलं यमराज म्हणत. वस्तू दोन्ही टोकांनी धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची, एवढंच ते यंत्र करी. लोखंडी सळई सभ्य असते. आधी थोडी लांबते, मग मध्ये बारीक होते, नोटीस देते आणि मगच तुटते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नोटीस देत नाही. आता आहे, आता नाही. रबराला किती ओढा, सोडलं की जणू काही झालंच नाही. आणि नायलॉन खूप ताणतं, परत येतं, पण पूर्ण परत येत नाही. थोडी लांबी त्याच्या पदरात कायमची पडते. विहंग हे सगळं फळ्यावर लिहायचा आणि घरी येऊन माणसांना लावायचा. वडील बीड. आई विनोदिनीबाई, नोटिशीवर नोटीस देणारी सळई.

“आणि मी?” तेजस्विनीने एकदा विचारलं होतं.

“तुझं अजून टेस्टिंग झालं नाही,” तो म्हणाला. त्यावर ती जितका वेळ बोलली नाही, तेवढ्यात बिडाचे दोन नमुने तुटले असते.

ही तेजस्विनी म्हणजे पागनीसांची. यज्ञेश्वरराव पागनीस दरबाऱ्यांचे म्होरके. त्यांच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या पागेत घोडे मोजले, आणि यज्ञेश्वररावांनी निवृत्त होईपर्यंत वीजमंडळात मीटर मोजले. त्यांच्या मते दोन्ही एकच परंपरा. तेजस्विनी शाळेत गणित शिकवायची. तिचं आणि विहंगचं जमलेलं होतं, हे दोन्ही घरांना, मंडळाला आणि टावर चौकातल्या पोहेवाल्यालाही माहीत होतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. यज्ञेश्वरराव म्हणत, पागनीस कुणाच्या दारी जात नाहीत, लोक पागनीसांकडे येतात. आणि विहंगचे वडील, गोपाळराव कारखानीस, बँकेचे शाखाप्रबंधक, म्हणत की मुलीच्या बापाने यायचं हा सृष्टीचा नियम आहे. शिवाय बँकेतही गरजू माणूसच मॅनेजरकडे येतो.

तेव्हा बोलणी गणपतीनंतर, असं ठरलं. आणि यंदा रस्सीखेचीत दरबाऱ्यांच्या टोकाचे गडी होते यज्ञेश्वरराव. तबादलेवाल्यांचे गोपाळराव.

विहंगचं जेवण कमी झालं ते तेव्हापासून. मागे एकदा अशीच एक सोयरीक ठरत आली होती. रस्सीखेचीत मुलाचे काका चिखलातून फरपटत गेले, आणि पुढे मुलगी इंदूरला दिली गेली. यात जो बाप हरेल तो लग्नाच्या नावाने पाणीही पिणार नाही, हे विहंगला गणिताइतकं स्वच्छ दिसत होतं. एक हरणार. एकाने हरायचंच, त्यालाच तर रस्सीखेच म्हणतात.

मग देवाने दोरी तोडली. म्हणजे गेल्याच वर्षी तोडली होती, पण विहंगच्या लक्षात आता आलं. मंडळाची जुनी दोरी सुती, पागनीसांच्या घरची. ती शिंद्यांच्या हत्तीची होती अशी दंतकथा होती. वास तरी तसा होता. गेल्या वर्षी ती ऐन मध्यात तुटली, दोन्ही बाजू उताण्या पडल्या, आणि वर्षभर वाद झाला की ती कुणाच्या बाजूला जास्त तुटली. आता नवी दोरी आणायला हवी होती. मंडळाचे चिटणीस माणिककाका यांनी ते काम विहंगवर टाकलं, आणि पंच म्हणूनही त्यालाच नेमलं. तो एका टोकाचा मुलगा आणि दुसऱ्या टोकाचा होऊ घातलेला जावई. इतका अडकलेला माणूस निःपक्षपातीच असणार, असं माणिककाकांचं म्हणणं.

विहंगने काथ्या, ताग, सूत आणि नायलॉन यांचे तुकडे यमराजाच्या तोंडी दिले. सूत जेमतेम लांबलं. काथ्या कुरकुरला. नायलॉन मात्र वाढतच गेलं. आलेख काढता काढता विहंगचा हात थांबला. सुती दोरी लांबत नाही, म्हणून एक बाजू मागे गेली की दुसरी पुढे येते, आणि एकाचीच पाठ टेकते. पण दोरीच जर लांबली? मग दरबारीही मागे जातील, तबादलेवालेही मागे जातील. पार आणि पंप यांच्यामधलं अंतर दोरी भरून काढेल. दोन्ही पाठी टेकतील. दोघंही जिंकतील.

भारतीय इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

त्याने हे फक्त तेजस्विनीला सांगितलं. तिने हिशेब तपासला, एक चूक काढली, आणि म्हणाली, “चालेल.” काढलेली चूक बेरजेची होती, म्हणून विहंगला ती प्रेमळ वाटली.

आता नायलॉन दोन्ही बाजूंच्या गळी उतरवायचं होतं. वडिलांना त्याने सांगितलं की अर्थव्यवस्था खुली झाली आहे, आता सूत कोण धरतं. गोपाळरावांच्या शाखेत नुकताच एक संगणक आला होता आणि अजून खोक्यात होता. त्यांना ते लगेच पटलं. यज्ञेश्वररावांना सांगितलं की हल्ली सर्कशीत हत्ती याच दोरीने बांधतात. ते म्हणाले, “हत्तीला चालते ना? मग आम्हाला काय.” माणिककाकांनी एकच प्रश्न विचारला, रंग कोणता. नानाखेड्याला बसस्टँडपाशी ट्रकवाल्यांना सामान विकणाऱ्या दुकानात भगवी मिळाली. सगळे समाधानी झाले.

मध्यावर खूण म्हणून भैरवगढ़चा एक छापील रुमाल बांधला. त्याचा नियमाशी काही संबंध नव्हता. शोभा म्हणून.

त्या संध्याकाळी मैदान भरलं. एका परदेशी शीतपेयाच्या एजंटाने फलक लावून घेतला होता. त्यावरची बाई बाप्पापेक्षा मोठी होती, पण माणिककाकांच्या मते श्रद्धा आकारात नसते. दोन्हीकडे पंधरा-सोळा गडी. टोकाला यज्ञेश्वरराव फेटा बांधून. पलीकडच्या टोकाला गोपाळराव, सफारी सूट, खिशाला पेन.

विहंगने शिट्टी वाजवली.

पुढे जे झालं ते आलेखात होतं तसंच झालं, आणि विहंगला आयुष्यात पहिल्यांदा आपण शिकवतो ते खरं असल्याचा संशय आला. दरबाऱ्यांनी जोर लावला, ते मागे गेले. तबादलेवाल्यांनी जोर लावला, तेही मागे गेले. दोन्ही बाजूंना वाटलं आपण जिंकतोय. प्रेक्षकांत दोन्हीकडच्या बायका एकाच वेळी आनंदल्या, हे दृश्य मंडळाने पूर्वी पाहिलेलं नव्हतं. दोरी बारीक होत गेली, सतारीच्या तारेसारखी वाजायला लागली, आणि यज्ञेश्वररावांची पाठ पाराला टेकली. त्याच सुमारास गोपाळरावांची पंपाला टेकली. पंपातून थोडं पाणीही आलं, जे वर्षभर आलं नव्हतं.

“जिंकलो,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“जिंकलो,” गोपाळराव म्हणाले.

विहंगने दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं की दोन्ही बाजू विजयी. टाळ्या झाल्या. तालात कुणी वाजवायच्या हे न ठरल्याने बेताल झाल्या, पण झाल्या. विहंगने तेजस्विनीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती दोरीकडे बघत होती.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की यमराजाला एक चाक असतं. ओढून झालं की ते उलटं फिरवायचं, म्हणजे ताण हळूहळू उतरतो. इथे चाक नव्हतं. इथे तीस माणसं होती, त्यातल्या दोघांच्या कमरेला दोरी बांधलेली होती, आणि त्या दोरीत एका ट्रकला लाजवेल इतका राग भरलेला होता. कुणी सोडली तर ती चाबकासारखी येणार. समोरच्यांचे दात, आणि मग आपलेही.

“कुणी सोडू नका,” तो म्हणाला. “सोडली तर समोरच्याला फोडून काढेल.”

हे ऐकून एक-दोघांच्या चेहऱ्यावर विचार आला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

“समोरचेही सोडू शकतात,” त्याने घाईने पुस्ती जोडली. पकडी घट्ट झाल्या.

उपाय साधा होता. दोन्ही बाजूंनी बरोबरीने पुढे यायचं, की ताण उतरेल. विहंगने तो सांगितला. यज्ञेश्वररावांनी शांतपणे विचारलं की पुढे येणं म्हणजे पाठ सोडणं ना. आणि पाठ सोडणं म्हणजे हरणं ना. पागनीसांनी आजवर कुणासमोर पाठ सोडलेली नाही. गोपाळराव म्हणाले की आधी त्यांनी सोडावी, ते जागेवरच आहेत. बँक कुठेही जात नाही.

म्हणून सगळे तसेच राहिले.

आरतीची वेळ झाली. गणपती वाट बघू शकत होता, पण आरती म्हणणारे बुवा नव्हते. त्यांना सातला नानाखेड्याहून बस होती. तेव्हा आरती दोरीवरच झाली. मान दोघांचा, म्हणून दोन तबकं निघाली. यज्ञेश्वररावांचे हात अडकलेले, म्हणून तबक दुसऱ्याने ओवाळलं आणि त्यांनी मान हलवून मान राखला. टाळ्या गड्यांपैकी कुणालाच वाजवता येईनात. ‘सुखकर्ता’ इतक्या दबलेल्या आवाजात मैदानात कधी झालं नसेल. दर कडव्याला एक बाजू श्वास घ्यायची आणि दुसरी घसरायची.

आरती झाली, नियमाने पाठ आता सोडता येत होती, पण आधी कुणी सोडायची हे नियमात नव्हतं. मग प्रसाद. विनोदिनीबाईंनी नवऱ्याच्या तोंडात मोदक घातला आणि सांगितलं की मी सकाळीच म्हटलं होतं, सफारी घालू नका. मैदानाच्या फाटकासमोरून दोरी आडवी गेली होती, तिकडे एक टेम्पोवाला येऊन थांबला. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि अत्यंत आदराने विचारलं, “भाईसाब, ये पूजा कब तक चलेगी?” कुणीतरी उत्तर दिलं, “लग्न ठरेपर्यंत.”

विनोद म्हणून म्हटलं होतं. पण तेजस्विनीने मान वळवली.

ती चालत चालत मध्यावर आली, भैरवगढ़च्या रुमालापाशी, आणि दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात बोलली.

“बाबासाहेब, तुम्ही कुणाच्या दारी जात नाही.”

“नाही जात,” पाराकडून आवाज आला.

“आणि काका, तुम्हीही जात नाही.”

“का जाऊ?” पंपाकडून.

“मग हा रुमाल कुणाचंच दार नाही. इथे या. दोघं एकदमच. एकाने पाऊल टाकलं तर हार, दोघांनी एकत्र टाकलं तर बैठक. आणि पाऊल फुकट नाही टाकायचं. प्रत्येक पावलाला एक अट सांगायची. समोरच्याने मान्य केली की दोघांचं पाऊल.”

दोन्ही बाजूंच्या गड्यांनी आपापल्या म्होरक्यांकडे पाहिलं. त्या नजरेत तत्त्वज्ञान नव्हतं. हातांना फोड आले होते.

यज्ञेश्वररावांनी पहिली अट घातली: लग्न उज्जैनलाच. गोपाळरावांना चालत होतं; त्यांची बदली कुठे होईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. दोघांनी पाऊल टाकलं. दोरी किंचित गुणगुणायची थांबली. गोपाळराव म्हणाले, बफे हवं, आता सगळीकडे बफेच असतं. यज्ञेश्वररावांना पंगत हवी होती. पागनीसांच्या घरी कुणी उभ्याने जेवत नाही, उभ्याने घोडे जेवतात. इथे पाच-सात मिनिटं गेली. शेवटी ठरलं बफे, पण पाटावर बसून. ते नेमकं कसं असतं हे कुणी विचारलं नाही. पाऊल पडलं. मग वरात घोड्यावर, ही पागनीसांची. विहंगला घोड्याची भीती वाटते, असं त्याची आई मोठ्याने म्हणाली. घोडा असेल, पण विहंग त्याच्या बाजूने चालेल, असं ठरलं. पाऊल. अहेर, भटजी, तिथी. पाऊल, पाऊल, पाऊल.

आणि मग विहंगला ते दिसलं.

ते अजून मध्यापासून बरेच दूर होते, आणि दोरी ढिली पडली होती. अर्थातच पडणार होती. नायलॉन पूर्ण परत येत नाही. त्या संध्याकाळी त्याने जी लांबी कमावली होती, ती त्याने ठेवून घेतली होती. दोरीत आता चाबूक उरला नव्हता, वाळत घातलेल्या धोतराएवढासुद्धा जोर उरला नव्हता. कुणीही, कधीही सोडू शकलं असतं. फक्त घामाने चिकटलेल्या हातांना आणि अटींत गुंतलेल्या डोक्यांना ते कळलं नव्हतं.

पंच म्हणून सांगणं त्याचं कर्तव्य होतं. त्याने तोंड उघडलंही. अजून दोन अटी बाकी होत्या. त्यातली एक तेजस्विनीच्या नोकरीची, जी गोपाळरावांना मनातून खुपत होती, आणि ज्यावर मोकळ्या हातांनी ते तासभर भाषण करू शकले असते. विहंगने तोंड मिटलं.

मध्यावर तेजस्विनीने दोन पावलं बाजूला टाकली. जणू रुमाल नीट करायचा आहे, अशा बेताने तिने दोरीचा लोंबता भाग दोन्ही मुठींत घेतला, आणि दोन्ही हात आपल्याकडे ओढले. पाराकडून दोरी ताठ झाली. पंपाकडूनही झाली.

“अजून बराच ताण आहे हं,” ती म्हणाली. “सांभाळून या.”

“आहे, आहे,” यज्ञेश्वरराव धापा टाकत म्हणाले. “समोरच्यांचा जोर आहे, मानलं.”

“तुमचाही कमी नाही पागनीससाहेब,” गोपाळराव म्हणाले. बारा महिन्यांत त्यांनी कुणालाही साहेब म्हटलेलं नव्हतं.

तेजस्विनी म्हणाली की पुढची अट तिची आहे. लग्नानंतर शाळा सुटणार नाही. बदली झाली तर कारखानिसांची होईल, तिची नाही. गोपाळरावांनी तोंड उघडलं. तिने डावी मूठ किंचित आपल्याकडे ओढली. गोपाळरावांना कमरेत हिसका बसला.

“मंजूर,” ते म्हणाले.

शेवटची अट माणिककाकांनी घातली, की जे ठरलं ते बाप्पासमोर ठरलं, मोडायचं नाही. ते चिटणीस होते. त्यांना काहीतरी घालायचंच होतं. दोघं बाप उरलेलं अंतर एका दमात चालून रुमालापाशी पोहोचले आणि एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, प्रेमाने म्हणा, तोल जाऊ नये म्हणून म्हणा. तेजस्विनीने मुठी सोडल्या. दोरी जमिनीवर पडली, अगदी गरीब जनावरासारखी. टेम्पोवाला हात जोडून निघून गेला.

गड्यांनी दोरी गुंडाळली तेव्हा ती आणली त्याहून चांगलीच लांब भरली. माणिककाका खूश झाले. पैसे तेवढेच आणि दोरी जास्त, असा सौदा नानाखेड्यात कुणाला मिळतो.

“माझं टेस्टिंग झालं?” तेजस्विनीने विहंगला विचारलं. तिच्या तळव्यांवर भगवा रंग उतरला होता.

“झालं,” तो म्हणाला. “नमुना तुटला नाही. मशीन तुटलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विहंग टावर चौकात पोहे खायला गेला, तर यज्ञेश्वरराव चार जणांना समजावत होते की पाठ आपली आधी टेकली होती, पोराने पंच म्हणून जावईपणा केला. घरी परतला तर गोपाळराव विनोदिनीबाईंना पंपातून पाणी आधी आल्याचं सांगत होते, आणि पाणी खोटं बोलत नाही. दोघंही रात्रीतून आपल्या मूळ लांबीला परत गेले होते. रबर दोघं; बीड वगैरे सगळी विहंगची चूक.

पण अटी बाप्पासमोर झाल्या होत्या, आणि त्या परत जाईनात. मार्गशीर्षात लग्न झालं. मांडव बांधायला मंडळाने तीच दोरी फुकट दिली. ती तेव्हाही थोडी लांबली, आणि मुहूर्ताच्या वेळी मांडवाची झालर दोन्ही व्याह्यांच्या डोक्यावर बरोबर एकाच उंचीवर येऊन टेकली. त्यांनी वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि आधी कोण वाकतो याची वाट बघत, पाटावर बसून होणारं बफे सुरू होईपर्यंत तसेच उभे राहिले.